सोळा गुण आणि दोन रकान्यांची वही

विम्याची पत्रं या सदराकडे नेहमीच येतात, पण ती बहुधा 'क्लेम अडकलाय, काय करू' अशी असतात. या खेपेला चार पत्रं एजंटच्या परीक्षेबद्दल आली आणि चारही आपल्याच खानदेशातली. पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलं आहे. बाकीच्या तिघांनी तेही वाचावं, म्हणजे मला तेच तेच लिहायला नको.

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहते. वय 34. 2007 साली दहावी झाले, त्यानंतर पुस्तक हातात धरलं नाही. गावातल्या बचत गटाचे हिशेब मी ठेवते. ते बघून एका आयुर्विमा कंपनीच्या साहेबांनी एजंट व्हायला सुचवलं. मोबाइलवर ट्रेनिंगचे तास पूर्ण केले, जळगावला जाऊन परीक्षा दिली, 16 गुण मिळाले. पास व्हायला 18 लागतात. पुस्तक मराठीत आहे, पण वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. सासूबाई म्हणतात, "आते शिकीसन कलेक्टर व्हशी का?" पुन्हा फी भरायची म्हणून घरात कुरबुर चालू आहे. अभ्यास कसा करू?

उत्तर : अगं, तू मला ताई म्हणालीस, मग मी तुला अगं-तुगंच करणार.

आधी सासूबाईंचं. 2003 साली मी धुळ्यात हीच परीक्षा द्यायला निघाले तेव्हा माझ्या सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या, नुसत्या पापडांचं पीठ माझ्यापुढे सरकवून गेल्या. तुझ्या निदान बोलतात तरी! तेव्हा 100 तासांचं ट्रेनिंग होतं, धुळ्यासारख्या शहरात बारावीची अट होती आणि पास व्हायला निम्मे गुण लागायचे. आता 25 तास, दहावी आणि 35 टक्के. 50 प्रश्न, 60 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुला 16 मिळाले म्हणजे दोन प्रश्न कमी पडले. हे घरात या शब्दांत सांग, 'नापास' हा शब्द काढूच नकोस.

तुझं खरं दुखणं तू एका ओळीत लिहिलंयस : पुस्तक मराठीत आहे, पण कळत नाही. त्यात तुझा दोष नाही. ते मराठी इंग्रजीवरून उतरवलेलं आहे, त्यातली वाक्यं मला अजून दोनदा वाचावी लागतात आणि माझी या धंद्यात वीस वर्षं उलटून गेली. म्हणून ते पुस्तक पाठ करायचा नाद सोड. एक शंभर पानी वही घे, प्रत्येक पानावर मधोमध रेघ मार. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द लिही, उजव्या बाजूला तुझ्या गल्लीत घडलेली गोष्ट. माझ्या वरच्या खोलीत परीक्षेसाठी बसणाऱ्या सगळ्या बायकांकडून मी हेच करून घेते. उजवा रकाना रिकामा राहिला, तर तो शब्द समजलेलाच नाही, असं धरायचं.

माझ्या स्वतःच्या वहीतलं एक पान सांगते. डावीकडे लिहिलंय 'विमायोग्य हित'. उजवीकडे 'चुलतदिरांची म्हैस'. झालं असं, की दिरांनी म्हशीचा विमा उतरवला, कानात बिल्ला मारून घेतला. पुढे पैशांची नड लागली, तर म्हैस शेजारच्या गावात विकून टाकली. विमा कंपनीला कोणी कळवलं नाही. तीन महिन्यांनी म्हैस पोट फुगून मेली. घेणारा माणूस बिल्ला फडक्यात बांधून दिरांच्या ओट्यावर येऊन बसला, म्हणाला, क्लेम टाका, अर्धे-अर्धे वाटून घेऊ. बिल्ला होता, पॉलिसी चालू होती, म्हैस खरोखर मेली होती. पैसे कोणालाच मिळाले नाहीत. दिरांचं नुकसान झालं नव्हतं, कारण म्हैस त्यांची राहिली नव्हती. ज्याचं नुकसान झालं त्याचा कंपनीशी करार नव्हता. ज्याच्या जाण्यानं तुझ्या खिशाला खार लागते त्याचाच विमा तुला काढता येतो, हे विमायोग्य हित. आता परीक्षेत यावर हमखास विचारतात ते असं, की हे हित केव्हा असावं लागतं? आयुर्विम्यात पॉलिसी घेताना. आग किंवा मालमत्तेच्या विम्यात घेतानाही आणि नुकसान होतानाही. सागरी विम्यात नुकसान होताना. म्हैस आठवली की मधलं उत्तर आपोआप येतं. सागरी विमा मात्र पाठच करावा लागेल, आपल्याकडे तापीत काही जहाजं चालत नाहीत.

असंच 'निकटतम कारण'. पुस्तकात अर्धं पान व्याख्या आहे. तू जिनिंगचा विचार कर. कापसाच्या गंजीला ठिणगी लागली, बंब आला, पाणी मारलं. थोडा कापूस जळाला आणि जास्त कापूस भिजून काळा पडला. पाण्यानं खराब झालेल्या कापसाचे पैसे आगीच्या विम्यातून मिळतील का? मिळतील, कारण पाणी आलं ते आगीमुळे. शेवटी काय घडलं हे बघायचं नाही, साखळी कुठून सुरू झाली ते बघायचं.

आणि 'नुकसानभरपाई'चं तत्त्व. जेवढं नुकसान तेवढीच भरपाई, विम्यातून नफा काढता येत नाही. पण हे आयुर्विम्याला लागू नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत कोण ठरवणार? ठरलेली रक्कम मिळते, बस. एका माणसाच्या दोन आयुर्विमा पॉलिसी असतील तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतात. दुकानाच्या दोन पॉलिसी असतील तर दोन्ही कंपन्या मिळून एकच नुकसान भरतात. या एका फरकावर निरनिराळ्या तोंडांनी दोन-तीन प्रश्न येतात. तुझे राहिलेले दोन गुण कदाचित इथेच सांडले असतील.

'परम विश्वास' लिहिताना उजव्या रकान्यात गावातला मिश्री लावणारा किंवा तंबाखू मळणारा कोणीही घे. फॉर्मवर 'तंबाखूचं सेवन करता का' असं विचारलेलं असतं. खानदेशात याला 'नाही' म्हणायची इतकी सवय आहे, की माणूस तळहातावर चुना घेऊन 'नाही' म्हणतो. माल विकणाऱ्यानं सगळं सांगायलाच हवं असं बाजारात नसतं, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायचे असतात. विम्यात उलटं आहे. बीपीची गोळी, झालेलं ऑपरेशन, तंबाखू, सगळं न विचारताही सांगायचं, कारण ते फक्त घेणाऱ्यालाच ठाऊक असतं. यालाच जोडून विमा कायद्याचं कलम 45 लक्षात ठेव : पॉलिसीला 3 वर्षं पूर्ण झाली की कंपनीला त्या पॉलिसीवर शंका काढता येत नाही. आधी ही मुदत 2 वर्षं होती, 2015 पासून 3 झाली. बाजारात मिळणाऱ्या जुन्या प्रश्नसंचात अजून 2 छापलेलं दिसेल.

जुन्या पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. कोणाच्या तरी जावेचं, भाच्याचं पुस्तक मागून आणू नकोस. माझ्या कपाटातल्या पहिल्या पुस्तकात विमा लोकपालाची, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची, भरपाई देण्याची मर्यादा 20 लाख आहे. पुढे ती 30 लाख झाली, 2023 च्या नोव्हेंबरात 50 लाख झाली. पॉलिसी नको वाटली तर परत करायची मुदत जुन्या पुस्तकात 15 दिवस आहे, 2024 च्या नियमांनी ती सगळ्यांसाठी 30 दिवस केली. कंपनीनं नाव नोंदवताना जे अभ्याससाहित्य दिलं असेल तेच धर, त्याची आवृत्ती कोणती हे साहेबांना विचार आणि परीक्षेपुरतं त्यातलंच उत्तर दे.

आता 'रिबेट'. हा शब्द वहीत दोन पानांवर लिही, कारण तो दोन अर्थांनी येतो आणि बायका इथे हटकून फसतात. वर्षाचा हप्ता एकदम भरला किंवा विम्याची रक्कम मोठी असली की कंपनी दरात थोडी सूट देते. ती सूट दरपत्रकात छापलेली असते, कायदेशीर असते. दुसरी सूट कोणती? तर तू एजंट झालीस की पहिल्याच महिन्यात गटातली एखादी म्हणेल, "वहिनी, पहिला हप्ता तुम्हीच भरा ना, तुम्हाला कमिशन तर भेटेल." ही दुसरी. आपल्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देणं विमा कायदा 1938 च्या कलम 41 नं बंद आहे, आणि दंड 10 लाखांपर्यंत आहे. गंमत म्हणजे देणाराही दोषी आणि घेणाराही. परीक्षेत तू बरोबर उत्तर देशील. त्यानंतर गटाच्या मीटिंगमध्ये चटईवर बसून तेच उत्तर द्यायचं आहे, ते अवघड. मी सुरुवातीला दोन वर्षं एका नात्यातल्या बाईंचे हप्ते असेच भरत राहिले. तिसऱ्या वर्षी मी थांबले तर बाई म्हणाल्या, पॉलिसी बंद पाडली तुम्ही. आजही लग्नात समोर आल्या की पदर सावरून दुसरीकडे बघतात.

'नामनिर्देशन' आणि 'अभिहस्तांकन' ही जोडी भल्याभल्यांना गोंधळात टाकते. पहिल्यासाठी मी नेहमी पारोळ्याकडच्या एका आजोबांचं वाक्य सांगते. मी अर्धा तास बोनस, मुदत, कर समजावत होते. ते विडी विझवून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे ताई. मी मरी गऊ ते पैसा कोनले भेटतीन?" याचं उत्तर म्हणजे नामनिर्देशन, कलम 39. मुलगा 18 च्या आतला असेल तर त्याच्यासाठी पैसे घेणारं मोठं माणूस नेमायचं, तेही फॉर्मवर. अभिहस्तांकन, कलम 38, ही वेगळी गोष्ट. पॉलिसी दुसऱ्याच्या नावे लिहून दिली की पॉलिसीचा हक्कच तिकडे जातो आणि आधीचं नामनिर्देशन रद्द होतं. फक्त कर्जासाठी लिहून दिली, मग ती बँकेला असो की पॉलिसीच्या कंपनीला, तर नामनिर्देशन टिकतं, पण कर्ज फिटून उरेल तेवढ्यावरच. शेतजमीन गहाण टाकल्यासारखं समजलीस तरी चालेल. आणि याच पानाच्या खाली 'विवाहित महिला संपत्ती कायदा, 1874' असं लिहून ठेव. नवऱ्यानं या कायद्याखाली बायको-मुलांसाठी पॉलिसी घेतली तर तिच्यावर सावकाराला किंवा बँकेला हात टाकता येत नाही. इतका जुना कायदा, आणि आपल्याकडे कर्जात बुडालेल्या किती घरांना तो ठाऊक आहे?

गणितं थोडीच असतात, पण ती बायका सोडून देतात. का सोडतात कळत नाही, गटाचं व्याज तर बोटांवर काढतात. पेड-अप मूल्य घे, म्हणजे हप्ते मध्येच थांबवले तरी पॉलिसीत शिल्लक राहते ती रक्कम. 20 वर्षांची 2 लाखांची पॉलिसी, 5 वर्षं हप्ते भरले आणि बंद केली. 20 पैकी 5 म्हणजे पाव हिस्सा, 2 लाखांचा पाव 50,000. वर जमलेला बोनस. बोनस हजारी 45 रुपये असेल तर 2 लाखांवर वर्षाला 9,000, पाच वर्षांचा 45,000. झालं गणित. दुसरं, माणसाचं आर्थिक मूल्य काढायचं. भुसावळला कामाला जाणारा माणूस महिन्याला 20,000 कमावतो, 5,000 स्वतःवर खर्च करतो. घराला वर्षाला 1,80,000 मिळतात. व्याजदर 6 टक्के धरला तर किती रक्कम बँकेत ठेवली म्हणजे तेवढं व्याज येईल? 1,80,000 भागिले 6, गुणिले 100. तीस लाख. हे गणित मी बायकांना घातलं की खोली गप्प होते. एक जण तर म्हणाली, मग ते घरात पाण्याचा तांब्या उचलत नाहीत तरी तीस लाखांचे?

आता तू अभ्यास कसा करतेस ते मी इथे बसून सांगते. मोबाइल फळीवर डब्याला टेकवून ठेवलेला, व्हिडिओ चालू, तू भाकरी थापतेयस. मधूनच स्क्रीन विझली की पिठाच्या बोटानं पुढं ढकलायचं. तास भरले, डोकं कोरडं. सगळ्याच तसं करतात. हरकत नाही, पण त्याला अभ्यास म्हणू नकोस. अभ्यासाला दिवसातला एकच तास काढ, घरातले झोपल्यावर किंवा उठायच्या आधी, आणि त्यात फक्त वही. एक धडा वाचायचा, त्यातले पाच-सहा शब्द डावीकडे उतरवायचे, दिवसभर कामं करता करता उजवी बाजू शोधायची. निंदणीला गेलीस तरी शोधता येते. शनिवारी गटाच्या बायकांना त्यातला एक शब्द समजावून सांग. त्यांनी प्रश्न विचारले की तुला कळेल तुझं कुठं कच्चं आहे. अशा तीन-चार आठवड्यांत पुस्तक संपतं.

शेवटचे आठ दिवस सराव परीक्षा सोडव, घड्याळ लावून. तिथे एकच गोष्ट बघ : 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे', 'कोणते लागू होत नाही', असा 'अ' किंवा 'नाही' असलेला प्रश्न. घाईत तो दिसत नाही. पहिलाच पर्याय खरा दिसतो, बोट दाबलं जातं. माझ्याकडे आलेल्या मुलींचे चुकलेले पेपर मी बसून तपासते तेव्हा न आलेल्या प्रश्नांपेक्षा उलटे वाचलेले प्रश्न जास्त निघतात. एका प्रश्नाला मिनिटाहून थोडा जास्तच वेळ आहे, ओठ हलवत वाचलंस तरी पुरतो. अडलेला प्रश्न खूण करून पुढे जा, शेवटी परत ये आणि एकही रिकामा सोडू नकोस.

एक गोष्ट माझ्या चुकीची. शिंदखेडा तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे तयारीला होती. हुशार, सराव परीक्षेत 40 च्या वर गुण. परीक्षा केंद्रावर तिला दारातूनच परत पाठवलं. आधार कार्डावर सासरचं नाव, पॅन कार्डावर माहेरचं. तिनं खूप विनवलं, लग्नाची पत्रिका काय तिच्या पर्समध्ये होती? मी तिला सगळं विचारलं होतं, कार्डं तेवढी समोरासमोर ठेवून बघितली नव्हती. ती बसस्टॅंडवरून मला फोन करून रडली, आणि मी काय बोलणार? तेव्हापासून माझ्या खोलीत पहिल्या दिवशी वही नंतर, कार्डं आधी. तू एकदा परीक्षेला बसली आहेस, म्हणजे तुझं जुळत असावं. तरी मधल्या काळात काही बदललं असशील तर बघून घे.

आणि जळगावला सकाळची वेळ मिळत असेल तर तीच माग. मे महिन्यात दुपारी तिथे पोचेपर्यंत माणूस पापडासारखा भाजून निघतो.

प्रश्न : मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो, यंदा निवृत्त झालो. चोपड्याला राहतो. एजंट व्हावं असं वाटतं, पण वय 58 आणि कॉम्प्युटर कधी हाताळला नाही. परीक्षेत माउस धरावा लागतो म्हणे. जमेल का?

उत्तर : दादा, वयाची अट खालून आहे, 18 पूर्ण हवीत. वरून तुम्हाला कोणी अडवत नाही.

माउसचं म्हणाल तर चालत्या गाडीत एका हातानं वरची दांडी धरून दुसऱ्या हातानं तिकिटाचं मशीन चालवलंत, सुट्ट्या पैशांवरून भांडणं मिटवलीत, आणि टेबलावर पडलेल्या माउसला घाबरता? गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन दिवस अर्धा-अर्धा तास बसा. त्या मुलाला सांगा, मला टायपिंग नको, फक्त चार गोलांतला एक गोल दाबायला आणि 'पुढे' म्हणायला शिकव. परीक्षेत तेवढंच लागतं. पेपर मराठीत देता येतो, नाव नोंदवताना भाषा मराठी टाकली आहे ना, ते मात्र बघून घ्या. एकाची चुकून इंग्रजी राहिली होती, बिचारा तासभर घाम पुसत बसला.

तुमच्यासारख्यांचं वाचन नियमित असतं, त्यामुळे व्याख्या लवकर पाठ होतात. इतिहासाचा धडा तर तुम्ही चहा पिता पिता कराल : 1956 साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण आणि 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळाची (एलआयसी) स्थापना, सर्वसाधारण विम्याचं 1 जानेवारी 1973 पासून, विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा 1999 चा, आणि त्यानंतर खासगी कंपन्यांना दार उघडलं. वरच्या उत्तरातली वही तुम्हीही करा. तुमचा उजवा रकाना भरायला तर 31 वर्षांचे प्रवासी आहेत.

प्रश्न : शहाद्याहून लिहितोय. वय 22. मोबाइलवर एक जण 500 रुपयांत 'परीक्षेत येणारे तेच 50 प्रश्न' देतो. माझ्या दोन मित्रांनी घेतलेत. घेऊ का?

उत्तर : नको. प्रश्न मोठ्या साठ्यातून कॉम्प्युटर काढतो, तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलालाही तुझाच पेपर नसतो. मग त्या माणसाकडे 'तेच 50' कुठून आले? असे दोन-तीन संच माझ्याकडच्या मुलांनी आणून दाखवले आहेत. सरावाला बरे असतात, पण उत्तरं चुकीची छापलेली. एकात तर वाढीव मुदत, म्हणजे हप्त्याची तारीख उलटल्यावर तो भरायला मिळणारे दिवस, सगळ्या हप्त्यांना 15 दिली होती. महिन्याच्या हप्त्याला 15, बाकी तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्यांना 30. तो संच पाठ करणाऱ्यानं चुकीचं उत्तर किती आत्मविश्वासानं दाबलं असेल!

तेच 500 रुपये घे आणि सारंगखेड्याच्या यात्रेला जा. घोडा विकणारा गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते उभं राहून ऐक. दातांवरून वय सांगतो, चाल दाखवतो, खोड मात्र लपवतो. विमा विकताना यातलं काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, ते परत आल्यावर मला लिहून कळव.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात शिक्षक आहे. पत्नी बी.ए. आहे, घरीच असते. तिच्या नावानं एजन्सी घ्यावी असा विचार आहे. ओळखी माझ्या भरपूर आहेत, धंदा मी बघेन. तिला फक्त परीक्षा पास करायची आहे. महत्त्वाचे तेवढेच प्रश्न कळवावेत.

उत्तर : सर, 'फक्त' हा शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला.

तुमच्यासारखी पत्रं दर महिन्याला येतात, त्यामुळे तुमच्या एकट्यावर राग नाही. पण सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत बायकोच्या एजन्सीसाठी गिऱ्हाइकं गोळा करत फिरणं बसत नाही. मुख्याध्यापकांकडे नियमांचं पुस्तक असतं, त्यात बघा. ते एक सोडून देऊ. तुमच्या पत्नी ज्या फॉर्मवर सही करणार आहेत त्यात एजंटचा गोपनीय अहवाल नावाचा एक कागद असतो. त्यात विचारतात : या माणसाला तुम्ही किती वर्षं ओळखता, त्याची प्रकृती कशी दिसते, कमाई किती, काही व्यंग आहे का. कंपनीचा साहेब त्या माणसाला बघत नाही, एजंट बघतो. म्हणूनच एजंटला पहिला तपासनीस म्हणतात, आणि परीक्षेतही हे विचारतात. मग ज्या माणसाला तुम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये पकडलंत त्याच्याबद्दल पत्नी काय लिहिणार?

माझ्या ओळखीच्या एका घरात असंच चालायचं. एका गिऱ्हाइकाचा पॉलिसी घेतल्यावर दीड वर्षात मृत्यू झाला. तीन वर्षांच्या आतला क्लेम, म्हणून चौकशीला माणूस आला. त्यानं बाईंना सही दाखवली. सही त्यांचीच. मग त्यानं विचारलं, "यांना तुम्ही शेवटचं कधी भेटला होतात?" बाईंनी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. चहा निवून साय धरेपर्यंत कोणी बोललं नाही.

मृताच्या घरच्यांचा त्यात काही दोष नव्हता, पण त्यांचे पैसे किती महिने अडकले ते मी मोजलेले आहेत.

तुमच्या पत्नी पदवीधर आहेत. 18 गुण त्यांना माझ्या 'महत्त्वाच्या प्रश्नां'शिवाय मिळतील. त्यांना खरंच हे काम करायचं असेल तर पुढचं पत्र त्यांच्या अक्षरात येऊ द्या. त्यांना मी लांब उत्तर लिहीन, वहीच्या पहिल्या पानापासून.